वाकता न येणाऱ्यांच्या हातातला कॅमेरा : ऑलिंपस टफ टीजी-६

हे परीक्षण वाचण्याआधी ते लिहिणारीचे हात कसे आहेत हे वाचकाला ठाऊक असायला हवे, कारण कॅमेऱ्याबद्दल मी जे सांगणार आहे त्यातले निम्मे माझ्या हातांबद्दलच आहे. मला बऱ्याच वर्षांपासून संधिवात आहे; वयोमानाने सांधे झिजतात तो नव्हे, तर रुमॅटॉइड प्रकारचा, ज्यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. उजव्या हाताची बोटे करंगळीच्या दिशेने कलली आहेत, मनगट पुरते वळत नाही, आणि गुडघे टेकून बसले तर उठवायला माणूस लागते. ज्यांना गवतात सहज पालथे पडता येते आणि किलोभर वजन तासभर डोळ्याशी धरता येते, त्यांच्यासाठी बाजारात याहून सरस साधने आहेत. त्यांनी माझ्या मताला फार किंमत देऊ नये.

छंद मात्र आजाराहून जुना आहे. पूर्वी माझ्याकडे डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा होता आणि त्याला १०० मिलिमीटरची मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून टिपणारी लेन्स होती. लेन्स अप्रतिम होती, पण कॅमेऱ्यासह ती एका किलोच्या वर भरत असे. काट्यावर हे वजन काहीच नाही. पण जवळून छायाचित्र काढताना ते उचलून धरायचे, श्वास रोखायचा आणि केसभर पुढे, केसभर मागे होत राहायचे, हे सगळे काम मनगटांवर आणि गुडघ्यांवर येते. शेवटच्या दोन वर्षांत भिंगाला बुरशी लागू नये एवढ्यासाठीच मी ती बॅग उघडत असे. २०२२ साली पुण्याच्या भाच्याने पोहायला जाताना बरोबर असावा म्हणून घेतलेला आपला टीजी-६ माझ्या हातात ठेवला आणि म्हणाला, “मावशी, एकदा हा तुझ्या तुळशीजवळ नेऊन तर बघ.” माझा डीएसएलआर त्याच्याकडे गेला, त्याचा टीजी-६ माझ्याकडे राहिला. पैशांचा व्यवहार झालाच नाही, त्यामुळे किमतीच्या मानाने वस्तू कशी आहे, हा प्रश्न मला विचारू नये.

टीजी-६ हा २०१९ सालचा कॅमेरा आहे. तो मुळात पाण्यात उतरणाऱ्यांसाठी आणि डोंगरात भटकणाऱ्यांसाठी बनवलेला असल्यामुळे १५ मीटर खोल पाण्यात चालतो आणि २.१ मीटर उंचीवरून पडला तरी तगतो, असे कंपनी सांगते. आमच्या सोलापुरात १५ मीटर खोल पाण्याचे कौतुक हसण्यावारीच जायचे. पण पडण्याच्या गुणाबद्दल मी पुढे सविस्तर लिहिणार आहे. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन २५३ ग्रॅम, म्हणजे पाव किलो शेंगाच्या चटणीच्या पुडीइतके भरते. आतला सेन्सर, म्हणजे उजेड टिपून चित्र बनवणारा भाग, १/२.३ इंच प्रकारातला, १२ मेगापिक्सेलचा आहे. झूम चौपट असून नेहमीच्या हिशेबात २५ ते १०० मिलिमीटरचा आहे. कागदावर हे आकडे साधारणच वाटतात, आणि दूरच्या डोंगराचे किंवा लग्नाच्या मांडवातले छायाचित्र काढायचे असेल तर ते साधारणच आहेत.

या कॅमेऱ्याची खरी करामत वरच्या चकतीवर आहे. तिथे सूक्ष्मदर्शकाचे छोटे चित्र असलेली एक खूण आहे. चकती त्या खुणेवर आणली की लेन्सच्या काचेपासून १ सेंटिमीटर ते ३० सेंटिमीटर एवढ्या अंतरातली वस्तू स्पष्ट दिसू लागते. मेनूत शिरावे लागत नाही, लेन्स बदलावी लागत नाही. बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांत जवळून टिपण्याची सोय फक्त रुंद कोनावर चालते आणि झूम केला की कॅमेरा मागे सरायला सांगतो. इथे पूर्ण झूम करूनही बोटाच्या पेराइतक्या अंतरावर जाता येते. तसे केले की मोहरीचे तीन-चार दाणे ओळीने मांडले तर अख्खी चौकट भरते. सेन्सर लहान असल्याचा इथे फायदाच होतो, कारण एवढ्या जवळून टिपतानाही स्पष्ट दिसणारा पट्टा मोठ्या सेन्सरच्या मानाने रुंद राहतो, आणि माझ्यासारख्या किंचित थरथरणाऱ्या हाताला तेवढी सवलत फार मोठी असते.

पहिल्याच आठवड्यात मी कंबरमोडीचे फूल टिपले. ही वनस्पती जुळे सोलापुरातल्या कोणत्याही मोकळ्या प्लॉटवर, गटाराच्या कडेला, फरशीच्या फटीत उगवते. लहानपणी गुडघा फुटला की तिचाच पाला चोळून लावत असू. आयुष्यभर पायाखाली पाहिलेले हे फूल पडद्यावर आले तेव्हा कळले की ते एक फूल नाहीच. कडेला फिकट पिवळसर अशा पाच पाकळ्या दिसतात, त्यांतली प्रत्येक टोकाला तीन दातांत कातरलेली असते आणि प्रत्येक पाकळी म्हणजे एक स्वतंत्र फूल असते. मधला पिवळा गेंद म्हणजे नळीसारख्या इवल्या फुलांची दाटी असते, आणि ती फुले बाहेरच्या फेरीपासून आतल्या फेरीकडे क्रमाने उमलत जातात. बाहेरच्या फेरीत परागकण सांडलेले होते, मधोमध अजून कळ्या मिटलेल्या होत्या, आणि त्या दोन्हींच्या सीमेवर एक फुलकिडा चालला होता, जो नुसत्या डोळ्यांना शाईच्या रेघेएवढाही दिसला नसता.

हे फूल टिपताना मी वाकले नव्हते. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, हात खाली सोडून मी कॅमेरा फुलाशी नेला होता. मोठ्या कॅमेऱ्यात डोळा, कॅमेरा आणि फूल एका रेषेत आणायचे म्हणजे सगळे शरीर खाली न्यावे लागते. इथे शरीर खुर्चीत राहते आणि फक्त हात जातो. जवळ जाण्याचे काम गुडघ्यांकडून खांद्याकडे आले, एवढाच काय तो बदल. पण माझ्या बाबतीत छंद सुटणे आणि टिकणे यांच्यातले अंतर तेवढेच होते.

अर्थात हाताने कॅमेरा खाली नेला तर पडदा कसा पाहायचा, हा प्रश्न लगेच उभा राहतो, आणि टीजी-६ घेण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येक गुडघेदुखीवाल्याने तो आधी स्वतःला विचारावा. मागचा ३ इंची पडदा एका जागी पक्का बसवलेला आहे. तो वर किंवा बाजूला वळत नाही, आणि स्पर्शानेही चालत नाही. कॅमेरा कमरेच्या खाली गेला की पडद्यावर आपल्याला फक्त आकाशाचे प्रतिबिंब दिसते. यावर मी काढलेला तोडगा असा आहे : कॅमेऱ्याच्या तळाच्या आट्यांवर एक हलका मोनोपॉड उलटा बसवायचा, म्हणजे काठीच्या टोकाला कॅमेरा लटकतो, मग वायफायने मोबाईल जोडून घ्यायचा. लेन्सला जे दिसते ते मोबाईलच्या पडद्यावर दिसते आणि खटकाही तिथूनच दाबता येतो. काठी डाव्या हातात, मोबाईल मांडीवर, अशा बैठकीत मी तासभर आरामात काम करू शकते. बॅटरी मात्र या प्रकारात झरझर उतरते. एका चार्जमध्ये सुमारे ३४० छायाचित्रे, हा कागदावरचा आकडा वायफाय बंद असतानाचा समजावा आणि दुसरी बॅटरी पर्समध्ये ठेवावी.

वेळेचा मुद्दा कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही. जवळून टिपण्याची उत्तम वेळ पहाटेची, असे या छंदातला प्रत्येक जाणकार सांगतो, आणि ते खरेच आहे : रात्रीच्या गारव्याने कीटकांचे अंग आखडलेले असते, पंखांवर दव असते, आणि ऊन लागून अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. दुर्दैवाने माझीही तीच अवस्था असते. या आजारात सकाळी सांधे तासाहून अधिक काळ ताठलेले राहतात. त्या वेळेत मला गॅसचे बटण फिरवणेही जड जाते, तिथे अर्धवट दाबून थांबायचे आणि मग पूर्ण दाबायचे असला शटरचा नाजूक हिशेब बोटांना कसा कळावा? रुईवरचे बिबळ्या कडवा फुलपाखरू आणि मी, दोघेही उन्हात साधारण एकाच वेळी मोकळे होतो, आणि मी कॅमेरा उचलते तेव्हा ते उडून जाते.

म्हणून मी संध्याकाळ धरली, आणि संध्याकाळने मला निळ्या पट्ट्यांच्या माश्या दिल्या. या एकएकट्या राहणाऱ्या माश्या आहेत, मोहोळ करत नाहीत. पोटावर निळसर पट्टे असतात आणि दिवसभर त्या तुळशीच्या मंजिऱ्यांवर इतक्या वेगाने भिरभिरतात की टिपणे अशक्य होते. पण त्यांचे नर सूर्य कलला की एखाद्या वाळक्या काडीवर येऊन रांगेने झोपतात, आणि झोपतात ते काडीला जबड्याने घट्ट चावा घेऊन. आमच्या गच्चीवरच्या वाळलेल्या मंजिरीवर सहा माश्या अशा टांगलेल्या होत्या. एकीचे सगळे पाय पोटाशी मुडपलेले, अंगाचा सगळा भार फक्त दातांवर. कॅमेरा दोन बोटांवर आला तरी त्यांना पत्ता नव्हता. त्या वेळी औषध आणि दिवसभराची हालचाल यांमुळे माझी बोटेही सैल झालेली असतात. पहाटेचा आग्रह सोडायला मला तीन महिने लागले, ते लागायला नको होते.

संध्याकाळी उजेड कमी पडतो, आणि लहान सेन्सर उजेडाच्या बाबतीत फारच तक्रारखोर असतो. शिवाय लेन्स वस्तूपासून १ सेंटिमीटरवर गेली की कॅमेऱ्याचीच सावली वस्तूवर पडते. यासाठी एलजी-१ नावाचे एक वेगळे विकत मिळणारे कडे आहे. त्यात दिवा नाही, बॅटरी नाही. कॅमेऱ्याच्या अंगातल्या छोट्या एलईडीचा उजेड ते पारदर्शक प्लॅस्टिकमधून वळवून लेन्सच्या भोवती गोल पसरवते. दिसायला ते खेळण्यासारखे आहे, पण ते नसेल तर या कॅमेऱ्याचा अर्धा उपयोग वाया जातो, असे माझे स्पष्ट मत आहे. फक्त चकचकीत पाठीच्या किड्यांवर, उदाहरणार्थ ढाल किड्यावर, या कड्याचे गोल प्रतिबिंब उमटते आणि चित्राचा सगळा नैसर्गिकपणा जातो. एप्रिल-मेच्या दुपारी प्रश्न उलटा असतो : आपल्याकडचे ऊन पांढरे आणि कठोर असते, तेव्हा कुणाला तरी पातळ सुती पंचा दोन्ही हातांनी फुलावर ताणून धरायला सांगावे. पंचाखाली आलेला उजेड कोणत्याही विकतच्या साधनापेक्षा चांगला असतो.

फोकस स्टॅकिंगबद्दल विक्रेते फार बोलतात, म्हणून त्याविषयीही लिहिते. कॅमेरा पुढून मागे असे थोडेथोडे अंतर बदलत तीन ते दहा छायाचित्रे घेतो आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग उचलून एकच चित्र जुळवतो. हे सगळे कॅमेऱ्यातच होते, संगणकासमोर बसावे लागत नाही, आणि माऊस धरला की ज्याचे मनगट दुखते त्यालाच या वाक्याचा अर्थ नीट कळेल. चौकटीच्या कडा थोड्या कापल्या जातात, तेव्हा चित्र किंचित सैल धरावे. पण या काळात वारा नको, वस्तू हलायला नको आणि हातही हलायला नको. हातासाठी मी जुन्या उशीच्या अभ्ऱ्याची लहान पिशवी शिवून तीत ज्वारी भरली. कठड्यावर, कुंडीच्या काठावर, दगडावर ती ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला की ट्रायपॉडचे पाय उघडण्याची आणि त्यांच्या खिट्ट्या आवळण्याची कटकट उरत नाही. मंगळवेढ्याची ज्वारी असावी असा आग्रह नाही. वस्तूच्या बाबतीत मात्र निवड करावी लागते. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा बसतो, काळ्या पायांचा. तो सोंड खुपसून रस पीत असल्यामुळे जागचा फारसा हलत नाही. आठ छायाचित्रांच्या एका जुळणीत मला असे दिसले की एका मादीच्या मागच्या टोकातून दुसरा इवला मावा उलटा बाहेर येत आहे. या जातीत नर लागत नाही आणि अंडीही घातली जात नाहीत, हे मी वाचले होते. ते आपल्या फाटकाजवळच्या रुईवर घडताना पाहणे वेगळे.

उडणाऱ्या गोष्टींसाठी यात प्रो कॅप्चर आहे. बटण अर्धे दाबून ठेवले की कॅमेरा आतल्या आत छायाचित्रे घेत राहतो, आणि पूर्ण दाबताच त्याआधीच्या अर्ध्या सेकंदातली छायाचित्रेही जपून ठेवतो. ही सोय चपळ पक्ष्यांसाठी आहे असे सांगतात. माझ्या मते ती मंद बोटांसाठी आहे. फुलपाखरू उडाल्यावर माझे बोट खाली जाते, तरी ते उडण्याच्या क्षणाचे छायाचित्र कार्डावर सापडते.

ज्यांना घराबाहेर पडणेच अवघड आहे त्यांच्यासाठी एक प्रयोग सांगते. सोलापूरजवळच्या नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. तिथल्या माळरानावर लोक हातभर लांबीच्या लेन्स घेऊन काळविटांसाठी जातात. मी एकदा पावसाळा सरल्यावर त्या बाजूला गेले होते आणि परत येताना साडीच्या काठाला कुसळी गवताची कुसळे अडकून आली. ती फेकण्याऐवजी मी काळ्या पाटीवर ठेवली. खाली सुईसारखे टोक, टोकावर मागे वळलेले राठ केस आणि वर पिळाच्या दोरीसारखे तपकिरी लांब शेपूट, हे सगळे पडद्यावर स्पष्ट दिसले. मग त्यावर ड्रॉपरने पाण्याचा एक थेंब सोडला. पीळ उलगडू लागला आणि अख्खे कुसळ घड्याळाच्या काट्यासारखे पाटीवर फिरले. पाऊस आणि ऊन यांच्या आलटून पालटून येण्याने हे बी असेच फिरत फिरत मातीत शिरते. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. हे सारे मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चित्रफितीत टिपले.

आता पडण्याबद्दल. माझ्या हातून वस्तू पडणे हा अपघात नव्हे, तो दिनक्रम आहे. या कॅमेऱ्याने गच्चीची फरशी दोनदा आणि अंगणातली मृगाच्या पावसानंतरची राड एकदा पाहिली आहे. त्या चिखलातून काढून तो मी मगात बुडवून धुतला आणि लगेच मृगाचा किडा टिपायला घेतला. किडा म्हणायचे, पण पाय आठ, म्हणजे तो कोळ्यांच्या नात्यातला. आणि ज्याला आपण मखमल म्हणतो ते लालभडक दाट केस आहेत, जे पावसाचे थेंब अंगाला चिकटू देत नव्हते. जुन्या कॅमेऱ्याबरोबर असताना मी सतत त्याला सांभाळत असे. याच्या बाबतीत ती भीती गेली.

पण पाणी आत जाऊ नये म्हणून बॅटरीचे आणि वायरचे अशी दोन्ही दारे घट्ट आहेत. प्रत्येकाला आधी एक बारीक खिट्टी सरकवायची आणि मग दार ढकलायचे, असे दुहेरी कुलूप आहे. धडधाकट माणसाला ते जाणवणारही नाही. माझ्या अंगठ्याला ते उघडत नाही. शेजारची सातवीतली मुलगी रोज संध्याकाळी येऊन दार उघडून देते आणि मोबदल्यात दिवसभराची छायाचित्रे पाहते. दाराच्या रबरी सीलवर धूळ किंवा केस राहिला की पाणी शिरते, आणि सोलापुरात धुळीला तोटा नाही. तेव्हा सील मऊ कापडाने पुसण्याचे कामही तिच्याकडेच आहे. हे सील वर्षाला बदलून घ्यावे, असे कंपनीच्या पुस्तकात लिहिले आहे. माझे बदलण्याबद्दल चौकशी करायला मी शहरातल्या एका दुकानात गेले, तेव्हा काउंटरवरच्या तरुणाने माझ्या हातांकडे पाहून, “काकू, आता फोनवरच काढा की,” असा सल्ला दिला. दुकानाला पाच पायऱ्या होत्या, कठडा नव्हता.

त्याच्या सल्ल्यात तथ्य अजिबात नाही असे नाही. अलीकडच्या चांगल्या मोबाईलमध्ये जवळून टिपण्याची सोय असते, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी आधी तीच वापरून पाहावी. पण गुळगुळीत, पातळ पाटी कललेल्या बोटांत धरणे मला जमत नाही. टीजी-६ ला उजवीकडे धरायला उंचवटा आहे आणि अंगठ्याला खडबडीत जागा आहे. चित्रांच्या दर्जाबद्दल म्हणाल तर चांगल्या उजेडात ती स्वच्छ येतात आणि आयएसओ, म्हणजे उजेडाला दाद देण्याची सेन्सरची पातळी, वाढला की लवकर दाणेदार होतात. मी आयएसओची मर्यादा ४०० वर बांधून ठेवली आहे. ए-४ कागदावर उत्तम छपाईसाठी ३५०८ गुणिले २४८० बिंदू लागतात, आणि १२ मेगापिक्सेलमध्ये ते भागून उरतात. माझ्या भिंतीवर याहून मोठी जागा नाही.

ऑलिंपसचा कॅमेरा-व्यवसाय जानेवारी २०२१ मध्ये ओएम डिजिटल सोल्यूशन्स या कंपनीकडे गेला, आणि या मालिकेतला पुढचा कॅमेरा २०२३ मध्ये ओएम सिस्टिम टीजी-७ या नावाने आला. लेन्स आणि सूक्ष्मदर्शकाची करामत तीच आहे. नवीन घेणाऱ्याने टीजी-७ घ्यावा, आणि तो दोन कारणांसाठी : त्याला यूएसबी-सी वायर लागते, जी कोणत्याही बाजूने खुपसता येते, आणि वेगळा मिळणारा बिनतारी रिमोट त्याला जोडता येतो, म्हणजे कॅमेरा ज्वारीच्या पिशवीत आणि खटका दुसऱ्या हातात, मोबाईलची मध्यस्थी न घेता. भाचा हल्ली दर फोनवर बदलून देऊ का, म्हणून विचारतो. रिमोटसाठी मी हो म्हणेन असे वाटते. दारे मात्र टीजी-७ चीही तशीच दुहेरी कुलपांची आहेत, तेव्हा सातवीतली माझी मदतनीस आठवीत गेली तरी मला लागणारच आहे.